घराला आग लागली तर

धाराशिव

ती. शरणम्मा आत्या यांना,

शिवरंजनीचे शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामांची साखर कशी आहे हे त्यांना विचारत नाही, कारण ते खोटे सांगतात. त्यांच्या खिशात पेढा सापडतो का ते बघून तुम्हीच कळवा. मी बरी आहे. एवढे फोनवरही सांगता आले असते, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि नळदुर्गच्या अर्ध्या गल्लीला माझी तब्येत कळते. म्हणून हे पत्र मल्लिकार्जुनाच्या हाती देत आहे. (तो तुमचा मुलगा असला तरी पाकीट चिकटवले आहे.)

मागच्या वेळी तुम्ही विचारले होते, तुझ्याबरोबरची ती वैष्णवी कशी आहे, किती गोड पोरगी. ती गोड आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही पाठवलेली शेंगाचटणी तिला स्टीलच्या डब्यात आणि मला प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळाली, याबद्दलही नाही. आम्ही दोघी मनोविकार वॉर्डात नर्स आहोत, शिक्षण सारखे, मार्क माझे थोडे जास्त. रुग्णाशी बोलताना मी खुर्चीवर बसते, मध्ये हातभर अंतर ठेवते आणि त्याचे बोलणे मध्येच तोडत नाही; शिकवले तसेच. वैष्णवी थेट पलंगावर बसते, बायांची वेणी घालते आणि स्वतःच्या भावजयीच्या कागाळ्या सांगते. तिला बघून बाया हसतात. मला बघून गोळ्या गिळतात.

तर गिरिजाबाई माझी रुग्ण. (नाव बदलले आहे. गाव तेरखेडा, ते बदलता येत नाही, कारण सगळा घोटाळा गावामुळेच झाला.) आजारपणात नवरा गेला, तेव्हापासून ती बोलेना, जेवेना, म्हणून दिराने आणून दाखल केले. गोळ्यांनी आणि आमच्या मेहनतीने ती सुधारली. (आमच्या म्हणजे माझ्या.) मग तिने एकच धोशा लावला, मला कामावर जाऊ द्या. ती गावातल्याच फटाक्यांच्या कारखान्यात वाती लावते. तिला परत पाठवायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात, पण आधीची तपासणी माझी. माणसाची सारासार बुद्धी जागेवर आहे का हे बघायला एक ठरलेला प्रश्न असतो: घराला आग लागली तर काय कराल? पाणी टाकीन, शेजाऱ्यांना बोलवीन, असे उत्तर आले की झाले.

गिरिजाबाई म्हणाली, "पळंन."

"पाणी नाही टाकणार?"

"न्हाय."

"शेजाऱ्यांना बोलवाल ना?"

"बोलवू कशाला? लांब व्हा म्हणून वरडंन. अन् पळंन."

मी लिहिले, निर्णयक्षमता बाधित. अक्षर सुबक आले होते.

सकाळी डॉक्टरांनी ते वाचले आणि म्हणाले, मग इतक्यात कामावर नको. गिरिजाबाईने तोंडावर पदर ओढला आणि ती भिंतीकडे वळली. ताट तसेच राहिले, दुपारचेही. आली तेव्हा अगदी अशीच होती, त्यामुळे मला जरा धास्ती वाटली. तेवढ्यात वैष्णवी येऊन पलंगावर बसली (बसलीच) आणि म्हणाली, "पळायचं का पण, काकी?"

पदराच्या आतून उत्तर आले. "दारूला आग लागल्यावर पाणी कोण आणतंय, बाई? आमाला पहिल्या दिवशी शिकवतेत, हातातलं टाक अन् पळ. बादली हुडकत बसती ती नवी असती."

डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांनी माझा शेरा खोडला आणि म्हणाले, "शाब्बास, वैष्णवी." एका 'का'ची शाब्बासकी. मी शेजारीच उभी होते. नंतर मी स्वतःचा रक्तदाब मोजला. तो सामान्य आला, तेव्हा मशीन बिघडले असावे. मनःस्थिती म्हणाल तर रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार उत्तम. निरीक्षणात मात्र असे आढळले की रुग्णाने त्या दिवशी वैष्णवीने आणलेला चहा घेतला नाही आणि तिला दिवसभर 'सिस्टर' म्हटले.

संध्याकाळी जिन्यात तिने मला गाठले. म्हणाली, "रंजू, तुझं बरंय बघ."

"काय बरंय?"

"काकी तुझ्यापाशी रडती. माझ्यापाशी नुसती हसती, माहेरी आलेल्या लेकीपुढं हसावं तशी. मालक गेल्याचं मला चकार शब्द सांगत न्हाय. मी विचारलं, तर म्हणाली, ते त्या खुर्चीवालीला सांगितलंय." मग कठड्यावरची धूळ बोटाने पुसत म्हणाली, "मला लई राग येतो तुझा."

त्या दिवशी तिने आणलेला दुसरा चहा मात्र मी घेतला. साखर जास्त होती.

आता गिरिजाबाई कामावर जाणार. तिची कामाची जागा एकदा बघून या, असे डॉक्टरांनी आम्हा दोघींना सांगितले आहे. सोमवारी तेरखेड्याला जातो. मामांना नमस्कार.

तुमची
शिवरंजनी

ता. क. गिरिजाबाईने बजावले आहे की तिथे अंगावर फक्त सुती, दुसरे कापड घासले की ठिणगी उडते. आमचा युनिफॉर्म टेरिकॉटचा, तो घालून आलात तर मीच दारात अडवीन, म्हणाली. संक्रांतीला मी नको म्हटलेली तुमची निळी सुती साडी अजून असेल, तर मल्लिकार्जुनाबरोबर पाठवावी. पत्र मुख्यतः यासाठीच.

ता. क. २. वैष्णवीकडेही सुती नाही. तिच्यासाठी ती विटकी तपकिरी पाठवा.

ता. क. ३. तपकिरी फारच वाईट दिसत असेल तर दुसरी द्या. पण निळीहून चांगली नको.