चाकामागचा चिरा

३ फेब्रुवारी

भाई माझे बाप आहेत की वैरी! पिकअप आज पुन्हा घाटीत अडकली. व्हाळाचं पाणी ज्या वळणावरून वाहतं तिथेच. मागचं एक चाक चरीत लोंबकळत गरगर फिरतंय, दुसरं जमिनीवर ढिम्म. आणि भाई वरून ओरडतात, "चिरे घाल गो मागे! रिकामी गाडी अशीच नाचतली!" वजनाला जांभ्याचे चिरे हौद्यात घाला, गाडी चढवा, वर चिरे उतरवा, मग आंब्याच्या पेट्या भरा. मी शाळेत होते तेव्हापासून हेच. माणसं आहोत की गाढवं?

घामाघूम होऊन घरी आले तर ओटीवर प्रीतम चहा पीत बसलेला. आंब्याचा ठेकेदार. कलमांकडे असा बघतो, जणू त्याच्याच सासऱ्याने लावलीत. त्याच्यासमोर भाई मला म्हणाले, "गाडी चढना नाय तर आंबे काय डोक्यार हाडतलंस? बाग ह्याका पाच वर्षां करारान देऊया."

प्रीतम हसला. मी सांगून टाकलं — बाग दिलीत तर मी या घरात राहणार नाही. आई गेल्यापासून सहा मोसम ही बाग मी सांभाळते, भाई नाहीत! ते बशीत चहा ओतत बसले.

७ फेब्रुवारी

कट्टा गावात निहार मेकॅनिकच्या गॅरेजात गेले. त्याने गाडी जॅकवर घेतली, मागचं एक चाक हाताने फिरवलं. दुसरं उलटं फिरलं! "बघ, जा चाक सोप्यान फिरता, जोर थयच जाता," म्हणाला. म्हणजे इतकी वर्षं आमचं सगळं डिझेल हवेतल्या चाकाने खाल्लं.

पुढे कुडाळला सामानाच्या दुकानात. तिथला सेल्समन अगदी गोड आवाजात — "मॅडम, लिमिटेड स्लिप घ्या. चाक घसरलं की जोर आपोआप दुसऱ्या चाकाला. लेडीजना बटणाची कटकट नको." लेडीज! मी विचारलं, एक चाक पूर्ण हवेत असेल तर चालेल का? तर कॅटलॉग चाळायला लागला. दुसरा प्रकार, फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारा — त्याला लागणारे सेन्सर आमच्या जुन्या गाडीत नाहीतच.

उरला डिफ लॉक, म्हणजे दोन चाकांमधल्या डिफरन्शियलला कुलूप. बटण दाबलं की मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरणार, एक हवेत असलं तरी. फक्त डांबरी रस्त्यावर आठवणीने बंद करायचा, नाहीतर गाडी वळायचं नाव घेत नाही. ठरलं. लॉकच.

८ फेब्रुवारी

भाईंना सांगितलं. उत्तर काय? "देवाक इचारूया."

१० फेब्रुवारी

संताप संताप! देवाला डिफरन्शियल विचारणार! देवळात कौल लावणार — बाबली गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवणार, उजवीकडची पडली तर लॉक, डावीकडची पडली तर प्रीतम. आमच्या घरात सगळं असंच. आत्याचं ठरलेलं लग्न डाव्या कौलावर मोडलं. विहीर कौलावर खणली — पाणी लागलं नाही, तरी जागा बदलली नाही! भाईंनी जन्मात कधी कौल मोडलेला नाही. देव गप्प बसला असता तर हा माणूस जेवलाही नसता.

"तू येतंस?" म्हणाले. मी नाही गेले. बसा म्हटलं तुम्ही आणि तुमचा देव.

११ फेब्रुवारी

"देवान उजवो दिल्यान. बसव तुझो लॉक."

तोंड असं, जणू एरंडेल पाजलंय. हरले ना! मी आभार मानले नाहीत. का मानू? मला अक्कल आहे हे सांगायला यांना दगड लागतो.

२ मार्च

लॉक बसला. निहारने दोनदा बजावलं होतं तरी कट्ट्याच्या नाक्यावर बंद करायचा राहिला. गाडी वळेचना! टायर किंचाळले, केळीवाल्याने टोपली उचलून उडी मारली. भाई शेजारी बसलेले. शिव्यांची वाट बघत होते मी. ते नुसते पांढरेफटक. देवाचं नाव घेत बसले घरापर्यंत. इतका अविश्वास!

आणि मासे सोडलेत. कोणाला दाखवायला हा रुसवा? सकाळ-संध्याकाळ बांगडा लागणारा माणूस आता डाळ-भात ओरपतो आणि उठतो.

२१ मार्च

मोसम लागला. लॉक म्हणजे सोनं! व्हाळाच्या वळणावर बटण दाबलं की गाडी गुमान चढते. रिकामी असली तरी, चिरे न घालता. नांदगावला हायवेवरच्या ट्रकात माझ्या पेट्या वेळेत चढतात.

पण भाई! प्रत्येक फेरीला घाटीत गाडीच्या मागोमाग अनवाणी चालतात, खांद्यावर चिरा घेऊन. चाकामागे लावायला म्हणे. अख्खा गाव बघतो. प्रीतम रस्त्यात थांबून विचारतो, "काय गो अनुजा, बापाशीक ब्रेक करून ठेवलंस?" मी भाईंना म्हटलं, लाज आणू नका, घरी बसा. "तू तुझी गाडी चालव," म्हणाले.

६ एप्रिल

आजही चिरा. आजही मासे नाहीत. मरू दे.

२६ एप्रिल

वळणावर आज बटण दाबायला उशीर केला — रस्त्यात प्रीतम उभा होता, त्याला ऐट दाखवायची होती. गाडी वर चढत होती, मागे रिकाम्या पेट्या. चाक चरीत गेलं आणि गाडी मागे सरकली. ब्रेक दाबला तरी मुरमावरून घसरतच राहिली. मग धक्का बसून थांबली. भाईंनी चिरा लावला होता, आणि चिऱ्याखाली त्यांच्या पायाचा अंगठा.

मी उतरून ओरडले. वाट्टेल ते बोलले. कोणी सांगितलं होतं मध्ये यायला? मेला असतात म्हणजे? नख निघालं होतं, रक्त वाहत होतं — आणि हा माणूस हसत होता! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मेलंय नाय मा? थोडक्यात भागला," म्हणाले. डोकं फिरलंय. डॉक्टरने हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं.

२७ एप्रिल

आज सकाळी काय म्हणाले? "बांगडो हाड गो. तिकला कर."

पाय सुजलेला, आणि यांना बांगडा आणून झणझणीत तिकलं करून हवं! दोन वाट्या भात जास्त जेवले.

२९ एप्रिल

बाबली गुरव भाईंचा पाय बघायला आला होता. जाताना अंगणात मला म्हणाला —

"तुका म्हायत नाय? कौल डावो इल्लो. तीन येळा लावलंय, तिनय येळा डावो. तुझ्या बापाशीन देवासमोर गाऱ्हाणा घातल्यान — मी माझ्या चेडवाक, अनुजाक खोटा सांगतलंय, गुन्हो माझो. तिच्या वाटेक जाव नको. काय घेवचा आसात ता माझ्याकडसून घे."

भाई आत बांगड्याचे काटे काढत बसलेत. मला अजून आत जाववलेलं नाही.