पाणपोईचा थांबा

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! शाळेच्या बसवर मुलं चढवायची-उतरवायची. दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली आणि मी नवं लुगडं नेसून, बकुळाचं बोट धरून हजर. पहाटे डिलाईल रोडच्या नाक्यावर बसमध्ये चढायचं, रिकामी बस शीवपर्यंत न्यायची, तिथून मुलं गोळा करत लालबागला शाळेत यायचं. दुपारनंतर उलट. ड्रायव्हर सीताराम मालवणकडचा, तोंडाने फटकळ. मला म्हणाला, बाय, पायरीवरून धडपडशील. म्हटलं, मी दाभोळची, भरतीत होडीवर चढणारी, मला नका शिकवू. हसला मेला.

एक लबाडी मात्र केली. बसमध्ये जागा फक्त दादरच्या पलीकडच्या मुलांना, जवळच्यांनी चालत यायचं. म्हणजे बकुळा नियमात बसत नाही. पण हिचे वडील गेले तेव्हा ही पाळण्यात होती, घरात दुसरं माणूस नाही. सहा वर्षांची पोर पहाटे कुणाच्या गळ्यात टाकू? कारकून रमाकांत यांना दिलं ठोकून, की मुलगी शीवच्या वाटेवर मामाकडे असते. थांबा कुठला, त्यांनी विचारलं. सकाळी एक दगडी पाणपोई दिसली होती, तिचंच नाव घेतलं. ते जरा घुटमळले, मग बरं म्हणाले.

बकुळा खिडकीशी राणीसारखी बसून आली. उजव्या हाताची बोटं शाईने निळी, कितीही घासा, डाग जात नाहीत. मी आज फार खूश आहे.

२१ नोव्हेंबर, बुधवार

मुलं सोडायची इथली रीत मला आवडली. मूल पायरीवर उभं करायचं आणि विचारायचं, कोण आलंय तुझं? ते आजी म्हणालं, की आजीच्या हातात त्याचा हात द्यायचा. मूल ओळखत नसेल तर सख्ख्या काकालाही द्यायचं नाही. मुलाचा शब्द शेवटचा.

आज जागोजागी काळी निशाणं. गेल्या वर्षी गोळ्या खाऊन मेलेल्यांचा दिवस. पोरं बसमध्ये मुंबईसह महाराष्ट्र मागत होती, मीही घसा फोडून मागितला.

बकुळाचा थांबा पाणपोई लावलाय हे सीतारामला आज कळलं. असा काही भडकला! तो थांबा जानेवारीपासून बंद आहे, तिथे कुणाचं पोर लावायचं नसतं, म्हणाला. का, ते सांगेना. मी म्हटलं, अहो, तिथे उतरायचंय कुणाला? सांगण्यापुरतं आहे ते. त्याने गाडी नुसती दामटली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

शीवकडे जाताना बस नेमकी पाणपोईशी बंद पडली. सीताराम हँडल मारून घामाघूम. तेवढ्यात मागच्या पत्र्यावर थापा. चांगल्या जोरात, कुणीतरी गाडी थांबवायला मारतं तशा. टवाळ पोरं असतील म्हणून तणतणत उतरले, तर मागे चिटपाखरू नाही.

बकुळा खिडकीतून हात हलवत होती. म्हणाली, एक माणूस धावत येतोय, पण त्याला पोचताच येत नाहीये. मला रस्ता रिकामा दिसत होता.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा तिथेच. काच फुटली, एका पोराच्या कपाळात तुकडा घुसला, पण दगड कुठे सापडला नाही. पायरीवर रक्त होतं, ओलं. माझा पाय घसरला त्यात. आणि बकुळाच्या मनगटावर बोटांचे वळ, काळेनिळे. वळांतली बोटंसुद्धा सरळ नाहीत, मधेच मोडल्यासारखी.

मी सीतारामची गचांडी धरली. तेव्हा बोलला. पाणपोईवर बुधाजी नावाचा गिरणीतला माणूस रोज आपल्या राधाला घ्यायला यायचा. जानेवारीत दंगल पेटली त्या दिवशीही आला. दगड, गोळ्या. सीतारामने बस थांबवलीच नाही. बुधाजी पोरीसाठी मागून पत्रा बडवत धावला, दाराच्या फटीत हात घातला. माझ्या आधीच्या मीराबाईंना वाटलं, हल्लाच झाला. त्यांनी त्याच्या बोटांवर दार आपटलं. बोटं सुटेपर्यंत आपटलं. तो रस्त्यावर पडला आणि मानेत गोळी. राधा खिडकीतून बघत होती. तिला पुढे आजोळी नेली.

त्या थांब्याची पोर त्याला मिळायची राहिलीय, सीताराम म्हणाला. आणि बाय, तूच त्याला पोर लावून दिलीस.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

रमाकांतांचे पाय धरले. सगळं खरं सांगितलं. नोकरी जाईल तर जाऊ दे, पण त्या थांब्यावरून पोरीचं नाव काढा. सोमवारपासून काढतो म्हणाले, तोवर मुलीला आणू नका. सोमवार. चार दिवस कसे काढू? देवा, एवढी मोठी लबाडी होती का रे ती?

३० नोव्हेंबर, शुक्रवार

बकुळाला शेजारच्या रखमाकडे ठेवून गेले.

पाणपोईशी बस पुन्हा बंद पडली आणि दार उघडायला लागलं. सीतारामने ते ओढून धरलं. त्याचा हात फटीत सापडला. दार आपटत होतं, आपोआप, पुन्हा पुन्हा. मग त्याला मानेला धरून त्या फटीतून बाहेर ओढलं. फटीत माणूस मावत नाही. तरी ओढलं.

मग तो बुधाजी आत आला. प्रत्येक पोराचं तोंड वर करून पाहिलं. पोरं किंचाळत होती. त्याच्या मानेतल्या भोकातून फुसफुस वारा येत होता. शेवटी माझ्यापुढे उभा राहिला आणि हात पुढे केला. आणि मी— थांब्यावर आलेल्या आईबापांना रोज सांगते तसं— आज आली नाही, घरीच आहे, असं बोलून गेले.

जळो माझी जीभ.

१ डिसेंबर, शनिवार

गेले नाही कामावर. बकुळा कॉटवर, गोधडीत. रखमा गिरणीत पाळीला गेलीय. गॅलरीत कुणी नाही. नुसता उद्याचा दिवस काढायचा—

संध्याकाळचा भोंगा झाला. थापा. आमच्याच दारावर.

बकुळा उठून बसली. मी विचारलंसुद्धा नाही, तरी म्हणाली, बाबा आलेत. हिने बाप पाहिला कधी—

कडी तुटली. दाराला पाठ लावून बसलेय. गुडघ्यावर वही. कुणी वाचलं तर कळावं, मी सोडली नाही तिला. मी नाही सोडणार—

बोटं आली आत. फटीतून. आपटलं दार. सुटत नाहीत. पुन्हा. पुन्हा. हाडं मोडल्याचं ऐकलं मी. पुन्हा—

सुटली. गेला. गेला वाटतं. बकुळा गप्प आहे, शहाणी माझी—

दोन बोटं आत पडलीत. उंबऱ्याशी. लहान आहेत.

निळी

कॉटवर गोधडी नुसती— बकु