सात ते नऊ, व्हिडिओ बंद

३ डिसें.
गावाला टॉवर एकच, संध्याकाळी सगळे त्याच्या उरावर. कंपनीची स्कीम आली: सात ते नऊ व्हिडिओ बंद. ॲपमधली पट्टी महिनाभर हिरवी राहिली तर साऱ्या गावाला नेट फुकट. एकदा लाल झाली की पहिल्यापासून. रिचार्जचं दुकान माझं, म्हणून गावाला समजावायचं काम माझ्या गळ्यात.

६ डिसें.
पट्टी लाल. सरपंच म्हणाले, व्हिडिओ लावणाऱ्यांची भोंग्यावर नावं घे. त्यांचीच पोरं मॅच बघत होती, ती वगळली. शांतामावशीचं घेतलं. तिची रेखा मुकी-बहिरी, मानवतला दिलेली. रोज साडेसातला व्हिडिओवर हातानं बोलते. फोन जावयाचा. तो दिवसा फोन उशाला ठेवून झोपतो, आठला तोच घेऊन कापसाच्या जिनिंगवर रात्रपाळीला जातो. वेळ तेवढीच.

७ डिसें.
मावशी दुकानावर आली. "तिचे हात दिसल्याबिगर मला काय कळंल, दत्ता?" म्हणालो, साधा फोन लाव, जावयाशी बोल. गिऱ्हाईकं हसली. मलाही मजा आली, खोटं कशाला लिहू. तिच्या एका कॉलनं पट्टी लाल होते का? बहुतेक नाही. पण कुणाचं तरी नाव...

१२ डिसें.
नळावर बायका मावशीला पुढं येऊ देत नाहीत. पोरं तिला बघून हातवारे करतात. आज फोन आणून माझ्या गल्ल्यात टाकला. "ठेव तुझ्यापाशी. घरात वाजला की ऱ्हावत न्हाई." पट्टी हिरवी.

२० डिसें.
मावशीचा फोन मीच चार्ज करतो. साडेसातला गल्ला वाजतो. सवय झाली.

५ जाने.
शेवटचा दिवस. दुकानापुढं अर्धं गाव. गल्ल्यातला फोन वाजला, थांबला, परत वाजला. थांबेचना. वैतागून उचलला. रेखा. डोळे सुजलेले. तळवा पोटावर, मग दाराकडं बोट. परत तेच. परत तेच. मला काही कळेना. मावशीला कळलं असतं; तिचं घर चार दारं सोडून, हाक मारली असती तर आली असती. सरपंच म्हणाले, "काट की, लाल व्हायलीय." काटला. कॉल पुसूनही टाकला.
नऊला हिरवी. फटाके.

६ जाने.
सगळ्यांना नेट आलं. मावशी सकाळीच दारात. "काल वाजला का रे?" नाही म्हणालो. फोन घेऊन माझ्याच ओट्यावर बसली. तेव्हापासून लावतेय, साडेसात होऊन गेले तरी तिकडं कुणी उचलत नाही. मधूनमधून फोन माझ्यापुढं धरते, रेंज हाय का बघ म्हणते.
रेंज फुल आहे.