सीतामावशींची बारावी

धार

प्रिय विहंग,

मराठी वाचताना तू अडखळतोस हे ठाऊक असूनही मराठीतच लिहितेय. फोनवर बोलायला गेले की तू मधेच हसवतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

आपल्या साखरपुड्यात पदर खोचून वाढणाऱ्या उंच बाई आठवतात? पाहुण्या म्हणून आल्या आणि स्वयंपाकघर ताब्यात घेऊन बसल्या. तुला वाटलं, माझी कुणी मावशी असेल. त्या सीतामावशी, आमच्या अंगणवाडीच्या सहायिका. सुरुवातीला त्या माझ्याशी कामापुरतंही धड बोलत नसत.

कारण उघड होतं. आधीच्या कार्यकर्ताबाई सोडून गेल्यावर वस्तीतली अंगणवाडी मावशींनी एकटीनं सांभाळली. जागा त्यांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. पण त्या दहावी पास आणि जागेला बारावी लागते. अर्ज निघाले आणि तिथे एम.ए. झालेली मी येऊन बसले. वर आमचं वजनदार आडनाव, आमची मोठ्या घरांची गल्ली. पहिल्या दिवशी त्यांनी किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि "अब आप जानो, मॅडम" म्हणून झाडू घेतला. नेमून दिलेलं काम चोख, त्यापलीकडे शब्द नाही. मी आयांना काही समजावलं की त्या मान डोलवायच्या आणि जाताना "सीताबाईको पूछ लेते" म्हणायच्या. मला मावशींचा राग यायचा, त्यांना माझा. खरं सांगायचं तर दोघींचंही चुकत नव्हतं.

मग गेल्या वर्षी श्रावणात दलियाची पोती आली. तोंड उघडलं तर कुबट वास आणि आत जाळी धरलेली. मी सुपरवायझर मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, चाळा, ऊन दाखवा आणि वापरा. पोचपावती पुढे केली. मी सही करणार नाही म्हटलं खरं, पण आवाज माझा मलाच ऐकू येईना. तेव्हा त्या मावशींकडे वळल्या. माल चांगला आहे एवढं तू म्हण, हिला नोकरी जमत नाही असं मी वर कळवते, मग तुझ्या जागेचं बघू, असं सरळ माझ्यासमोर सांगितलं.

विहंग, मला वाटलं, आता संपलं. मावशींना ती जागा किती हवी होती ते मला माहीत होतं.

त्या हात पुसत उठल्या. म्हणाल्या, "जागा तर मला पाहिजेच, मॅडम. पण हे पोरांना वाढून नको."

एवढं बोलून त्यांनी वाटीभर दलिया उचलला आणि दारातल्या आयांच्या नाकाखाली धरला. माझ्याकडे बोट दाखवून, मधुवंतीबाईंनी सही केलेली नाही, हे नीट ऐकून ठेवा, असंही बजावलं. पोती परत गेली. मला नोटीस आली, तेव्हा वस्तीतल्या बायका ऑफिसात जाऊन बसल्या, पुढे मावशी. नोटीस मागे घेतली गेली.  काही दिवसांनी भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता विचारलं, "बारावीचं इंग्रजी लई भारी असतं का?"

तेव्हापासून पोरं गेली की आम्ही त्यांच्याच सतरंजीवर बसतो. गोड विद्यार्थिनी नाहीत हं त्या. इंग्रजी शब्दातलं जे बोलायचंच नाही ते अक्षर लिहायचं कशाला, म्हणून माझ्याशी भांडतात. नवरा या वयात ही थेरं कशाला म्हणतो, तर त्याला म्हणे प्रश्न विचारायला बसवतात. ओपन बोर्डाच्या जूनच्या परीक्षेत बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. निकालाच्या दिवशी मला वाटलं, येणार नाहीत. आल्या. पोरांना वाढलं, भांडी पालथी घातली आणि म्हणाल्या, "मधू, परत कधी असते?" मधू म्हणाल्या मला, पहिल्यांदा. माझेच डोळे भरून आले. त्यांचे कोरडे.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते. पुढची परीक्षा डिसेंबरात, निकाल त्यानंतर. आपलं लग्न मार्गशीर्षात. ठरल्याप्रमाणे मी आत्ताच राजीनामा दिला, तर जागा लगेच निघेल आणि माझ्यासारखीच कुणी शिकलेली येऊन बसेल. मावशींना पुन्हा किल्ल्या द्याव्या लागतील. म्हणून विचारते, लग्न वैशाखापर्यंत पुढे ढकलू या का? त्यांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर मला हाताला धरून तुमच्या देवासच्या बसमध्ये बसवतील. मी उपकार करत नाहीये रे. त्यांनी त्या दिवशी जे नाकारलं, ते त्यांना सरळ वाटेनं मिळालेलं मला बघायचंय. तुझ्या आईंना मी स्वतः सांगेन, येत्या रविवारी येतेच आहे. तुला पटलं तर स्टँडवर घ्यायला ये. नाही पटलं तरी ये. चहा घेत भांडू.

तुझीच,
मधुवंती