आधी काकाचा घोट

गितेगा
१४ जुलै २००८

प्रिय इनामाहोरोताई,

तू आणि मुलं खुशाल असाल. आईचा गुडघा आता बरा आहे. घेवडा झोडून झाला, यंदा दाणा चांगला भरलाय. गाय गाभण आहे.

न्ताहोंबायेकाकाचं कसं चाललंय, असं तू विचारलंस. त्यानं पंचांसमोर सगळं कबूल केलं. युद्धात बाबा केळीच्या कुठल्या बागेत लपले होते, ते मारेकऱ्यांना त्यानंच दाखवलं. गळ्यावर कोयता होता म्हणाला. आई म्हणाली, माफ केलं. मीही म्हणाले. टांझानियातल्या निर्वासितांच्या छावणीतून परतलेला माणूस दुसरीकडे जाणार तरी कुठे? आपल्याच आवारात पलीकडच्या झोपडीत राहतो.

एका रविवारचं मात्र मी तुला कळवलं नव्हतं.

समेटाचं म्हणून काकानं ज्वारीच्या बिअरचं मडकं आणलं. एकाच मडक्यात घालून प्यायला शेजारी आपापल्या नळ्या घेऊन जमले. काका मडकं ठेवून बाजूला उभा राहिला.

सिनझिंकायोआजोबा म्हणाले, "काय रे, आणणाऱ्यानं आधी प्यायचं, हे छावणीत विसरलास? का सगळ्यांना एकदमच वर पाठवतोस?"

सगळे हसले. काका नाही हसला. "मी देवाला शब्द दिलाय, आजोबा. दादा गेल्यापासून थेंब घेतला नाही."

मग कुणीच नळी पुढे करेना. शेवटी आई वाकली, लांब घोट घेतला आणि नळी माझ्या हातात दिली. "घे गं. विष असतं तर आधी म्हातारी आडवी झाली असती."

ताई, मला नाही जमलं. विषाची भीती नव्हती, खरंच. काय होतं ते लिहायला बसले की हात थांबतो.

काकानं माझ्याकडे पाहिलं. जवळ आला, माझ्या हातातली नळी घेतली, गुडघे टेकले आणि प्यायला. इतक्या वर्षांचा शब्द सगळ्यांदेखत मोडला. "आता घे, पोरी," म्हणाला.

तरी मी घेतलं नाही.

तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. काका रागावला असता तर बरं झालं असतं. तो रोज झऱ्यावरून पाणी आणतो. दारात थांबतो. मी बघतेय ना, ते पाहतो. ओंजळभर पाणी स्वतः पितो आणि मगच घडा आत ठेवतो. काल अंगात ताप होता, दात वाजत होते, तरी ते गार पाणी प्यायला.

"काका, राहू दे," एवढंच तर म्हणायचंय. रोज सकाळी ठरवते. पण त्याचा घोट घशाखाली उतरेपर्यंत माझं तोंड उघडत नाही. उतरला की मी घडा उचलते आणि चुलीवर घेवडा चढवते.

हवं तर रागाव माझ्यावर, पण एकदा येऊन जा. त्याला थांबवायला तरी ये.

तुझी,
कानेझा