चाकाखालचा दगड

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, उत्तराला उशीर झाला. हात रिकामे असतील तर ना. फोन करून उपयोग नाही. तू नुसता हॅलो-हॅलो करत बसतोस आणि वहिनी मधे दुभाषी. जन्मभर इंजिनांना कान लावलेस, शेवटी त्यांनी ते ठेवूनच घेतले.

ह्यांची कंबर तशीच आहे. ट्रॅक्टरवर पुन्हा कधीच बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून मीच चालवते. सरळ जाते बरी, वळताना थोडा बांध खाते. पण आता मागची लिफ्ट रुसलीय. सकाळी नांगर उचलते, दुपारी तापली की गचके देत अर्ध्यावर थांबते. मिस्त्री येऊन पंप गेला म्हणाला, आणि एवढ्या जुन्या गाडीचा पंप आता मिळणार नाही म्हणाला. तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. गाडी विकायची आणि जमीन शेजाऱ्याला कसायला द्यायची, असं ठरवूनही टाकलं. पंधरा तारखेला घेणारा येतोय.

दमलेय दादा, खोटं कशाला सांगू. पण ह्या वयात शिकलेली एकच गोष्ट आहे, तिच्यावरून उतरायचं जिवावर येतं. लिफ्टचं ऑइल रोज सकाळी बघते, पट्टीवर काठोकाठ असतं. मग बिनसलंय काय?

तुझी,
भिंगरी


६ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पंप गेला म्हणणं फार सोपं असतं. दुखणं कळलं नाही की माझे डॉक्टरही वय झालं म्हणतात. तू स्वस्तापासून महागाकडे जा. आधी तेल, मग तेल गाळायची जाळी, मग नळ्यांचे जोड, आणि पंप सगळ्यांत शेवटी. नांगर जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर, मगच हात घाल. उचललेल्या नांगराखाली देवाचाही भरवसा धरायचा नाही. जाळी डिझेलने धू, चिंधीने पुसू नकोस, धागे अडकतात. काम झाल्यावर तेल फेसाळतं का ते बघ.

आणि आवाज कसा येतो ते नीट लिही. तू लिहिलंस की मला वाचताना ऐकू येतं.

मेहुण्यांना खुर्ची टाकून जवळ बसव. कंबर मोडली म्हणून माणसाची अक्कल मोडत नाही. मीही हल्ली बसूनच असतो. तुझी वहिनी म्हणते, घरात एक फर्निचर वाढलं.

तुझा,
दादा


१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाळी धुतली, जोड आवळले, कोपर सोलून घेतलं. फरक शून्य. तेल मात्र तू म्हणालास तसं फेसाळतं, दुधासारखं पांढरट दिसतं. आवाजाचं म्हणशील, तर रडून रडून दमलेलं हट्टी पोर नाकातून सूर काढतं ना, तसा. नांगर वर येताना त्यातच डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. ह्यांना तो घरात ऐकू येतो आणि ते उशी कानावर ओढतात. खुर्ची टाकली होती, आले नाहीत. दादाला सांग, आता पुरे, एवढंच म्हणाले.

त्यात आज सकाळी तेल बघताना चाकाखालचा दगड निसटला आणि गाडी हातभर पुढे आली. पाय थोडक्यात वाचला. कुणाला सांगितलं नाही, तुलाच लिहितेय.

आता मलाही वाटतं, जाऊ दे. पंधरा तारीख उद्यावर आल्यासारखी वाटते.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दूधगाडीवाल्याच्या हाती पाठवतोय, टपालावर विसंबून चालणार नाही.

तुझं अंगण ताटासारखं सपाट. तिथे चाकाखाली दगड कशाला लागतो? जेवताना हाच विचार, वहिनीने दोनदा वाढलं तरी कळलं नाही. मग उजेड पडला. बॅटरी मेलेली असणार, म्हणून गाडी घरामागच्या उतारावर तोंड खाली करून लावत असाल आणि सकाळी ढकलून चालू करत असाल. आणि तेलही तिथेच बघत असाल. अगं, उतारावर तेल पुढे धावतं. मोजायची पट्टी पुढे, पंप मागे. पट्टी खरंच सांगते, पण उतारावरचं सांगते. तू लिहिलेला तो रडका सूर म्हणजे पंप तेलाऐवजी हवा पितोय.

गाडी सपाटीवर आण, थोडी थंड होऊ दे, मग बघ. कमी असेल तर आहे तेच तेल भर, भलतं नको. आणि ते जातं कुठे हे मेहुण्यांना विचार. उतारावर गळती दिसणार नाही, कामावर असतानाच गळत असणार. आणि बॅटरी बदला. त्या दगडाजवळ पुन्हा पाय ठेवायला देणार नाही तुला.

तुझा,
दादा


१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सपाटीवर पट्टीचं टोक कोरडं ठणठणीत निघालं. मिस्त्रीनेही उतारावरच बघितलं होतं, त्या बिचाऱ्याला काय म्हणू. अख्खा डबा रिचवला गाडीने.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. दगडाचं ऐकल्यावर काठी घेऊन उठले, आपणच खुर्ची ओढत बाहेर आणली, आणि गाडीच्या मागे फिरणारा दांडा असतो त्याचं सील गेलंय म्हणून बोट दाखवलं. सील मी बदललं, ओरडले हे. पाना धरायची अक्कल नाही इथपासून माहेरचा उद्धार झाला, त्यात तूही आलास. किती दिवसांनी कुणी मला एवढं बोललं, बरं वाटलं.

काल घेणारा आला तेव्हा मी शेतात होते. दारात खुर्चीवर हे बसलेले. गाडी कुठे आहे, असं त्याने विचारलं. हे म्हणाले, कामावर गेलीय, यायला वेळ लागेल. पाणी देऊन त्याला वाटेला लावलं. अंग अजून ठणकतंय आणि अर्धं रान नांगरायचं बाकी आहे.

आवाजाचं तू विचारशीलच. नांगर वर येतो, खाली जातो, आणि आवाज म्हणशील तर येतच नाही. हे दुपारी उशी डोक्याखाली घेऊन झोपले होते. तेव्हा आता तुला जेवढं ऐकू येतं, तेवढंच आम्हालाही.

लोभ वाढवायचं आपलं वय गेलं. आहे तो गळणार नाही, एवढं बघ.

तुझी,
भिंगरी