सोमवारचा शिक्का

बफेलो,
१ सप्टेंबर २०११

प्रिय रॉइस,

तू मजेत असशीलच, तुझं लुईव्हिल बेसबॉल लीगमध्ये पहिलं आहे. मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं. तिला माझे आशीर्वाद सांग. माझा गुडघा बरा म्हणायचा, जिना मात्र अजून पायरी मोजून उतरतो. आमचा क्लब तळाला आहे, आणि हे पत्र त्यामुळेच लिहिता येतंय.

बसमधली ती कोंबडीची तंगडी आठवते? आपण खालच्या लीगमध्ये होतो, एका खोलीत राहायचो. ऑगस्टमधल्या अदलाबदलीचा नियम माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा तू डब्यातली शेवटची तंगडी वर धरलीस.

"हे बघ, व्हर्जिल. जुलै संपला की खेळाडू सरळ देता येत नाही. त्याचं नाव दोन दिवस यादीवर टांगायचं आणि तळापासून एकेका क्लबाला विचारायचं, हवा का? सगळ्यात भुकेल्याला पहिला मान. त्याने हात वर केला, तर सौदा फक्त त्याच्याशी. तो जमला नाही, तर तंगडी परत डब्यात. कुणीच हात वर केला नाही, तर ती मोकळी, हवी त्याला द्या."

"आणि भूक नसताना कुणी उगाच हात वर केला तर?"

"तर मागच्याने उपाशी मरायचं," तू हसलास. "पण जपून हं गड्या. डबेवाला 'घे' म्हणाला, तर खावीच लागते."

गेल्या आठवड्यात ओमाहाने काझ व्होयतानेकचं नाव टांगलं. सदतीस वर्षांचा, डाव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर, तुला हवा होता तसा. तुमचं आतून ठरलंही होतं. मध्येच खालून कुणीतरी हात वर केला आणि ओमाहाने त्याला परत घेतलं. कोणी केला, म्हणून तू चार दिवस फोन फिरवतोयस असं ऐकतो. फिरवू नकोस. मी केला.

आमचे मालक ऑरिन साहेब केवढे भडकले! "आपण सत्तावीस सामने मागे आहोत. तो म्हातारा गळ्यात पडला तर त्याचा पगार कोण देणार, तुझी सासू?"

"नाही पडणार."

"आणि पडला तर?"

"तर माझी खुर्ची घ्या."

त्यांनी विचारलं, "लुईव्हिलवर एवढा राग?"

"क्लबावर नाही," मी म्हटलं.

१९९९ साली मी ओमाहाचा कॅचर होतो आणि तू नुकताच मैदान सोडून तिथल्याच कचेरीत बसायला लागला होतास. एकतीस ऑगस्टपर्यंत ज्या क्लबात नाव लागेल, ऑक्टोबरचे मोठे सामने त्याच क्लबाकडून खेळता येतात. एक सप्टेंबरला तू मला बोलावलंस. "शेवटपर्यंत कुणी तुला मागितलंच नाही रे. आज लुईव्हिलने दया केली. ऑक्टोबरात खेळता येणार नाही, पण जा." माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी तुझे आभार मानले, रॉइस.

त्या ऑक्टोबरात मी कुंपणापलीकडे दुसऱ्यांच्या पिचरांचे सरावाचे चेंडू झेलले. लुईव्हिल जिंकलं. तो चषक आता तुझ्या खोलीत आहे म्हणे. वसंतात माझा गुडघा गेला. बारा वर्षं मी समजत होतो की मी उरलेला माल होतो.

ओमाहाच्या कचेरीतल्या डेल्फीन केटरिंगबाई मे महिन्यात निवृत्त झाल्या. कपाट आवरताना माझी जुनी फाइल सापडली, ती त्यांनी मला पाठवली. लुईव्हिलचं पत्र सव्वीस ऑगस्टचं, गुरुवारचं: 'हा कॅचर आम्हाला ताबडतोब हवा.' माझं नाव यादीवर टाकल्याचा शिक्का तीस तारखेचा, सोमवारचा. मधले तीन दिवस तू मालकांबरोबर तळ्यावर मासे धरत होतास, बाईंनी चिठ्ठीत लिहिलंय. सोमवारी टांगलेलं नाव बुधवारी मोकळं होतं, आणि बुधवारी एक तारीख होती. तू विसरलास, हे मी माफ केलं असतं.

इथेच सही करणार होतो. पण काल काझचा फोन आला.

सोळा वर्षांत तो एकदाही ऑक्टोबरात खेळलेला नाही. पुढच्या वर्षी त्याला कोण घेणार?

"साहेब, तुम्हाला मी खरंच हवा होतो?"

"नाही."

"मग लुईव्हिलनेच हात आखडता घेतला का? इथे सगळे तेच म्हणतात."

तुझं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. कुणी तुला मागितलंच नाही रे. किती सोपं आहे ते म्हणणं!

"त्यांना तू हवा होतास," मी म्हटलं. "मी आडवा आलो. तुझा काही दोष नाही."

तो म्हणाला, "तुमचा गुडघा सडो."

"तो सडलेलाच आहे," मी म्हटलं, आणि कसा ते त्याला सगळं सांगितलं. गुरुवार, मासे, सोमवार.

रविवारी ओमाहा तुमच्या मैदानावर खेळायला येतंय. सामन्याआधी काझ तुझ्या दाराशी उभा असेल. माझ्याबद्दल हवं तितकं वाईट बोल, ते खरंच असेल. पण सव्वीस तारखेचं विचारेल तेव्हा जपून बोल. सोबत जोडलेल्या शिक्क्याची दुसरी प्रत तोवर त्याच्या खिशात असेल.

त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं. तुझ्याबद्दल वाटतंय का, ते बघायला हे पत्र दोनदा वाचलं. नाही वाटत.

वेळेवर मागितला गेलेला,
व्हर्जिल हास्केट